छंदातील लेसर आणि डोळ्यांची सुरक्षा : झोत सुरू करण्यापूर्वीची शिस्त

चंडीमंदिर : शत्रूच्या सैनिकाला कायमचे अंध करण्यासाठीच तयार केलेले लेसर अस्त्र युद्धातही वापरण्यास आंतरराष्ट्रीय कायद्याने मनाई आहे. ही मनाई करणारा करार १३ ऑक्टोबर १९९५ रोजी व्हिएन्ना येथे स्वीकारण्यात आला, जुलै १९९८ पासून तो अमलात आला आणि भारतही त्यात सहभागी आहे. रणांगणावर जी इजा अमानुष ठरवण्यात आली, ती आज घरातल्या टेबलावर होऊ शकते. शाळकरी मुलाच्या हातातील लेसर निर्देशक, बिघडलेल्या डीव्हीडी यंत्रातून काढलेला डायोड किंवा लाकडावर नक्षी कोरणारे छोटे यंत्र हे त्यासाठी पुरेसे असते. बाजारातून सहज मिळणाऱ्या या वस्तू किती धोक्याच्या आहेत, याचा अंदाज मात्र त्या हाताळणाऱ्यांना अनेकदा नसतो.

शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यात वसलेले चंडीमंदिर हे भारतीय लष्कराच्या पश्चिम कमांडचे मुख्यालय आहे. १९८५ मध्ये ते सिमल्याहून येथे आले. येथील चंडीदेवीच्या मंदिरावरूनच शेजारच्या चंडीगडला त्याचे नाव मिळाले. चंडीगडमध्ये प्रकाशीय उपकरणांवर काम करणारी केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना आहे, तसेच पीजीआय या वैद्यकीय संस्थेचे प्रगत नेत्र केंद्रही आहे. लेसर वापरणारे सैन्य, प्रकाशीय उपकरणे घडवणारे शास्त्रज्ञ आणि डोळ्यांवर उपचार करणारे वैद्य असे तिन्ही घटक या परिसरात एकत्र आढळतात. त्यामुळे छंद म्हणून लेसर हाती घेणाऱ्यांनी कोणती शिस्त पाळावी, याचा विचार येथून सुरू करणे उचित ठरेल.

लष्कराने बदललेली तरंगलांबी

रणगाड्यावरील किंवा तोफखान्याच्या निरीक्षकाकडील लेसर अंतरमापक लक्ष्याच्या दिशेने प्रकाशाचा अतिसूक्ष्म काळाचा ठोका पाठवतो. तो ठोका लक्ष्यावर आदळून परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढले जाते. दोन किलोमीटरवरील लक्ष्यासाठी हा वेळ सेकंदाच्या सुमारे ७५ हजाराव्या भागाइतका असतो. पूर्वीच्या अंतरमापकांत प्रामुख्याने १,०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश वापरला जाई. हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, मात्र डोळ्याच्या भिंगातून तो थेट आतल्या दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो. त्यामुळे शत्रूइतकाच सरावात समोर असलेल्या आपल्याच सैनिकालाही त्याचा धोका होता.

यावर उपाय म्हणून जगभरच्या सैन्यदलांनी सुमारे १,५४० नॅनोमीटरच्या तरंगलांबीकडे वळण्यास सुरुवात केली. या तरंगलांबीचा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातील पाण्यातच शोषला जातो आणि दृष्टिपटलावर एकवटत नाही. भारतातही संरक्षण संशोधन व विकास संघटनेने असे ‘नेत्र-सुरक्षित’ अंतरमापक विकसित केले आहेत. ‘नेत्र-सुरक्षित’ याचा अर्थ कितीही शक्तीला निर्धोक असा होत नाही. शक्ती पुरेशी वाढली तर डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, भाजू शकते. तरीही या बदलातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. लेसरचा धोका त्याच्या शक्तीइतकाच त्याच्या तरंगलांबीवर अवलंबून असतो. हौशी प्रयोगकर्त्याने पहिल्यांदा समजून घ्यायची गोष्ट हीच आहे.

धोका डोळ्याच्या रचनेतच

साध्या दिव्याचा प्रकाश सर्व दिशांना पसरतो आणि अंतर वाढले की झपाट्याने विरळ होतो. लेसरचे किरण जवळजवळ समांतर जातात. एक मिलिरेडियन इतक्या विस्ताराचा झोत दहा मीटरवर जेमतेम एक सेंटिमीटरने रुंदावतो. त्यामुळे खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिल्याने संरक्षण मिळत नाही.

असे समांतर किरण बाहुलीतून आत शिरले की डोळ्याचे भिंग त्यांना दृष्टिपटलावर एका सूक्ष्म बिंदूत गोळा करते. अंधारात बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, तर दृष्टिपटलावरील बिंदूचा व्यास साधारण ०.०२ मिलिमीटर असतो. म्हणजे बाहुलीवर पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता दृष्टिपटलावर सुमारे एक लाख पटींनी वाढते. सुमारे ४०० ते १,४०० नॅनोमीटर या पट्ट्यातील प्रकाशाबाबत हे घडते. यांतील साधारण ७०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश आपल्याला जवळजवळ दिसतच नाही.

सूर्याशी तुलना केल्यास हा आकडा अधिक स्पष्ट होतो. दुपारच्या सूर्याकडे पाहिले तर आक्रसलेल्या बाहुलीतून काही मिलिवॅट ऊर्जा आत जाते आणि ती सुमारे ०.१६ मिलिमीटर व्यासाच्या प्रतिमेवर पसरते. केवळ एक मिलिवॅटचा लेसर त्याहून कितीतरी लहान बिंदूवर एकवटतो. त्यामुळे त्या बिंदूपुरती तीव्रता सूर्यप्रतिमेच्या वीसपट भरू शकते. तरीही एक मिलिवॅटचा दृश्य लेसर तुलनेने सुरक्षित मानला जातो. डोळे दिपताच माणूस साधारण पाव सेकंदात पापणी मिटतो किंवा मान वळवतो, आणि इतक्या लहान बिंदूतील उष्णता भोवतालच्या पेशींत लवकर पसरून जाते, ही त्याची कारणे आहेत. शक्ती वाढली की हा पाव सेकंद अपुरा पडू लागतो. अवरक्त लेसर असेल तर डोळे दिपतच नाहीत, म्हणून पापणीही मिटत नाही. नॅनोसेकंदांचे ठोके देणाऱ्या लेसरच्या बाबतीत तर पापणी हलण्यापूर्वीच इजा होऊन गेलेली असते.

आपण वाचतो, चेहरे ओळखतो, सुईत दोरा ओवतो ते दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूच्या आधारे. झोताकडे रोखून पाहिल्यास प्रकाश नेमका याच जागी एकवटतो. दृष्टिपटलाला वेदनेची जाणीव नसते. त्यामुळे तेथे भाजले तरी दुखत नाही. हाताला चटका बसला तर माणूस हात मागे घेतो, डोळ्याच्या आतील चटक्याबाबत मात्र तशी सूचना मिळत नाही.

नेत्रशल्यचिकित्सेतील एक तपशील येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. मधुमेहामुळे दृष्टिपटल बिघडलेल्या रुग्णावर हिरव्या लेसरने उपचार केले जातात. डॉक्टर दृष्टिपटलाच्या कडेच्या भागात मुद्दाम सूक्ष्म डाग देतात आणि पीतबिंदूचे मध्य काळजीपूर्वक टाळतात. यासाठी साधारणतः शंभर ते काहीशे मिलिवॅट शक्ती सेकंदाच्या दहाव्या भागापुरती किंवा त्याहूनही कमी काळ वापरली जाते. तेवढ्याच शक्तीचे हातात धरायचे निर्देशक खेळणी म्हणून विकले जातात आणि ते वापरणाऱ्या मुलाला पीतबिंदू टाळायचा असतो हे ठाऊक नसते.

चमक हे धोक्याचे माप नव्हे

लेसरचा ठिपका किती तेजस्वी दिसतो, यावरून त्याच्या शक्तीचा अंदाज बांधण्याची सवय घातक आहे. मानवी डोळा हिरव्या रंगाला सर्वाधिक संवेदनशील असतो. सारख्याच शक्तीचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर ६५० नॅनोमीटरच्या लाल लेसरपेक्षा सुमारे आठपट तेजस्वी दिसतो. कोरीवकामाच्या यंत्रांत वापरला जाणारा ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश हिरव्याच्या मानाने बराच मंद भासतो. या यंत्रांतील डायोडची शक्ती मात्र ५, १० किंवा २० वॅट असते. म्हणजे सर्वसामान्य निर्देशकाच्या हजारो पट. तो मंद दिसतो म्हणून सौम्य आहे, असा समज करून घेणे डोळ्यावर बेतू शकते.

स्वस्त हिरव्या निर्देशकांत आणखी एक धोका दडलेला असतो. त्यांपैकी अनेकांत हिरवा प्रकाश थेट निर्माण होत नाही. ८०८ नॅनोमीटरच्या अवरक्त डायोडने एका स्फटिकाला ऊर्जा दिली जाते. त्यातून १,०६४ नॅनोमीटरचा प्रकाश मिळतो आणि दुसऱ्या स्फटिकात त्याची तरंगलांबी निम्मी होऊन ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश बाहेर पडतो. उरलेला अवरक्त प्रकाश अडवण्यासाठी शेवटी एक गाळणी बसवावी लागते. किंमत कमी ठेवण्यासाठी ही गाळणीच गाळली, तर हिरव्या ठिपक्यासोबत न दिसणारा अवरक्त झोतही बाहेर येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०१० मध्ये अशा एका स्वस्त निर्देशकाची तपासणी जाहीर केली होती. त्यात हिरवा प्रकाश मंद होता, अवरक्त प्रकाश मात्र धोकादायक पातळीचा आढळला.

याच संस्थेने २०१३ मध्ये १२२ निर्देशकांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ९० टक्के हिरवे आणि सुमारे ४४ टक्के लाल निर्देशक तेथील नियमांत बसत नव्हते. यावरून एक व्यावहारिक नियम काढता येतो. वेष्टनावर ‘५ मिलिवॅट’ असे छापले असले, तरी मोजणी होईपर्यंत त्या वस्तूची शक्ती त्याहून अधिक आहे असे धरून चालावे.

वर्ग काय सांगतात

आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या मानकानुसार लेसरचे वर्ग पाडले जातात. वर्ग १ मधील साधन नेहमीच्या वापरात निर्धोक असते. छपाई यंत्र किंवा सीडी यंत्रात आत प्रबळ लेसर असला तरी तो बंद पेटीत असल्याने संपूर्ण यंत्र या वर्गात मोडते. वर्ग २ मध्ये १ मिलिवॅटपर्यंतचे दृश्य लेसर येतात. तेथे पापणीची प्रतिक्षिप्त क्रिया संरक्षण देते, अट एवढीच की कोणी हट्टाने झोताकडे पाहत राहू नये. वर्ग ३ आर मधील दृश्य लेसर ५ मिलिवॅटपर्यंत असतात आणि ते काळजीपूर्वकच हाताळावे लागतात. वर्ग ३ बी ची मर्यादा ५०० मिलिवॅट आहे. त्याचा थेट झोत किंवा आरशासारख्या पृष्ठभागावरून आलेले प्रतिबिंब डोळ्याला इजा करते.

त्यापुढील सारे लेसर वर्ग ४ मध्ये मोडतात. त्यांचा भिंतीवर पडलेला ठिपका जवळून पाहणेही धोक्याचे ठरू शकते. त्वचा भाजणे आणि आग लागणे हे धोके वेगळेच. लाकूड, चामडे किंवा ॲक्रिलिक कापणारी हौशी यंत्रे आतून याच वर्गातील असतात. त्यांवर बंद पेटी नसेल, तर ती खोली लेसर प्रयोगशाळाच झाली असे समजून वागावे लागते.

शक्तीबरोबर धोक्याचे अंतर कसे वाढते, हेही पाहण्यासारखे आहे. एक मिलिरेडियन विस्ताराचा ५ मिलिवॅटचा दृश्य झोत अवचित डोळ्यावर आला, तर सुमारे १६ मीटरपर्यंत तो सुरक्षित मर्यादा ओलांडतो. तेवढ्याच विस्ताराचा १ वॅटचा झोत सुमारे २२० मीटरपर्यंत ही मर्यादा ओलांडतो. डोळे दिपवण्याचे अंतर त्याहून कितीतरी अधिक असते. म्हणूनच आकाशाकडे झोत रोखणे टाळले पाहिजे. उतरणाऱ्या विमानाच्या काचेवर तो पसरला, तर वैमानिकाला काही सेकंद धावपट्टी दिसेनाशी होऊ शकते.

मिरवणुकांनी दिलेला धडा

लेसरमुळे होणाऱ्या नेत्रइजेची महाराष्ट्राला ओळख झाली ती गणेशोत्सवाच्या मिरवणुकांमधून. २०२३ च्या उत्सवानंतर राज्यातील काही शहरांत तरुणांच्या दृष्टिपटलाला इजा झाल्याचे, आत रक्तस्राव झाल्याचे नेत्रतज्ज्ञांना आढळले. हे तरुण लेसरच्या झोतांसमोर नाचत होते किंवा त्यांकडे पाहत होते. २०२४ मध्ये पुणे आणि कोल्हापूर येथील प्रशासनाने उत्सवकाळात अशा झोतांवर बंदीचे आदेश काढले. रशियात मॉस्कोजवळ जुलै २००८ मध्ये झालेल्या एका संगीत महोत्सवातही असाच प्रकार घडला होता. पावसामुळे प्रेक्षकांवर मंडप घातला गेला, लेसर गर्दीवर फिरवले गेले आणि अनेकांच्या दृष्टीला इजा झाली.

मिरवणुकीतील झोत आणि घरातील प्रयोग यांत वरवर साम्य दिसत नाही, परंतु चूक एकच आहे. उपकरण चालवणाऱ्याला झोताची शक्ती ठाऊक नसते, समोरच्याला धोका ठाऊक नसतो आणि दोघांमध्ये कोणताही अडसर नसतो. घरात तर चालवणारा आणि इजा होणारा अनेकदा एकच असतो. स्वित्झर्लंडमधील एका १५ वर्षांच्या मुलाने इंटरनेटवरून १५० मिलिवॅटचा निर्देशक मागवून आरशासमोर ‘लेसर शो’ केला होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांना झालेली इजा २०१० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली गेली. ग्रीसमधील एका ९ वर्षांच्या मुलाने हिरव्या निर्देशकाच्या झोताकडे वारंवार पाहिले आणि त्याच्या पीतबिंदूला छिद्र पडले. ही नोंद २०१८ मधील आहे. दोन्ही घटनांत साधन खेळणे समजूनच वापरले गेले होते.

योग्य चष्मा म्हणजे कोणता

उन्हाचा काळा चष्मा लेसरपासून संरक्षण देत नाही. उलट त्यामागे बाहुली अधिक उघडते. वेल्डिंगची काच किंवा यंत्रासोबत फुकट मिळालेला रंगीत प्लास्टिकचा चष्मा यांवरही विसंबून राहू नये. लेसरच्या संरक्षक चष्म्यावर दोन गोष्टी छापलेल्या असाव्या लागतात. तो कोणत्या तरंगलांबीसाठी आहे, ही पहिली आणि त्या तरंगलांबीसाठी त्याची प्रकाशीय घनता किती, ही दुसरी. घनता ३ असेल तर प्रकाशाचा हजारावा भाग, ४ असेल तर दहा हजारावा भाग आणि ५ असेल तर लाखावा भाग आत येतो. १ वॅटच्या झोताला घनता ४ चा चष्मा ०.१ मिलिवॅटवर आणतो.

एका तरंगलांबीचा चष्मा दुसऱ्या तरंगलांबीला उपयोगी पडेलच असे नाही. नारिंगी रंगाचा चष्मा निळा आणि हिरवा प्रकाश अडवू शकतो, तरी लाल आणि अवरक्त प्रकाशाला तो बहुधा मोकळी वाट देतो. त्यामुळे स्वस्त हिरव्या लेसरसाठी चष्मा घेताना ५३२ बरोबरच ८०८ आणि १,०६४ नॅनोमीटरचा उल्लेखही पाहावा लागतो. कार्बन डायऑक्साइड लेसरचा १०,६०० नॅनोमीटरचा प्रकाश दृष्टिपटलापर्यंत जात नाही, मात्र तो कॉर्निया भाजतो. साधे पारदर्शक ॲक्रिलिक तो अडवते. तेच ॲक्रिलिक निळ्या किंवा १,०६४ नॅनोमीटरच्या लेसरसमोर निरुपयोगी ठरते.

चष्मा हे शेवटचे संरक्षण आहे, हेही विसरता कामा नये. तो घातला म्हणून झोताकडे पाहण्याची मुभा मिळत नाही. खोलीत उपस्थित असलेल्या प्रत्येकाकडे तसाच चष्मा नसेल, तर लेसर सुरू करू नये.

प्रयोगाची मांडणी

चष्म्याच्या आधी येते ती मांडणी. झोताचा मार्ग बसलेल्या अथवा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर असू नये. लेसर घट्ट बसवलेला असावा, तो हातात धरून प्रबळ झोताचे प्रयोग करू नयेत. झोत जेथे संपतो तेथे खडबडीत, न चमकणारा आणि न जळणारा अडसर ठेवावा, उदाहरणार्थ विटेचा तुकडा. काच, चकचकीत फरशी, स्टीलची भांडी, पकड किंवा स्क्रूड्रायव्हरचे गुळगुळीत पृष्ठभाग झोताच्या मार्गातून दूर करावेत. हातातील घड्याळ, अंगठी आणि बांगड्या काढून ठेवाव्यात. बहुतेक अपघाती झोत अशाच एखाद्या वस्तूवरून परावर्तित होऊन डोळ्यांत येतात.

खोलीत पुरेसा उजेड ठेवावा. उजेडात बाहुली लहान राहते आणि डोळ्यात शिरणारा प्रकाश कमी होतो. जुळवाजुळव करताना शक्ती शक्य तितकी कमी ठेवावी. झोत कोठे पडतो हे पाहण्यासाठी डोळा झोताच्या रेषेत नेऊ नये, मळकट कागदाचा तुकडा त्या जागी धरावा. कोरीवकाम पाहायचे असल्यास बंद पेटीत कॅमेरा बसवून पडद्यावर पाहणे उत्तम. झोताने कॅमेरा बिघडला तर तो बदलता येतो.

यंत्राच्या पेटीला झाकण उघडताच वीज तोडणारी कळ असावी आणि काम लवकर व्हावे म्हणून ती कधीही निकामी करू नये. लेसरच्या विद्युतपुरवठ्याला किल्ली असेल, तर काम संपल्यावर ती काढून मोठ्यांनी आपल्याकडे ठेवावी. लेसर सुरू करण्यापूर्वी मोठ्याने सूचना द्यावी. लहान मुले आणि पाळीव प्राणी खोलीबाहेर असावेत, दार आतून बंद असावे. गोळीबाराच्या मैदानावर बंदूक रिकामी असली तरी ती माणसावर रोखली जात नाही. लेसर बंद असला तरी त्याचे तोंड कोणाच्याही चेहऱ्याकडे वळवायचे नाही, हा नियम मुलांना पहिल्याच दिवशी सांगितला पाहिजे.

इजा झाल्यास

झोत डोळ्यात गेल्यावर क्षणभर डोळे दिपणे आणि रंगीत डाग तरळणे हे दिव्याकडे पाहिल्यावरही होते. हा डाग काही मिनिटांत विरला नाही, मध्यभागी धूसर ठिपका राहिला, अक्षरांतील एखादे अक्षर गळाल्यासारखे वाटले किंवा सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या, तर इजेची शक्यता धरावी. घरच्या घरी एक सोपी तपासणी करता येते. चौकटीची वही समोर धरून, एक डोळा झाकून दुसऱ्याने मधल्या बिंदूकडे पाहावे आणि नंतर डोळा बदलावा. दोन्ही डोळ्यांनी एकदम पाहिल्यास एका डोळ्यातील दोष दुसरा डोळा झाकून टाकतो.

अशा वेळी डोळे चोळू नयेत, घरात पडलेले कोणतेही थेंब घालू नयेत आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. सोबत लेसरचे साधन किंवा त्यावरील माहितीचे छायाचित्र न्यावे. तरंगलांबी, शक्ती, अंतर आणि झोत किती वेळ डोळ्यात गेला, ही माहिती निदानासाठी मोलाची असते. दृष्टिपटलाच्या थरांचे छेदचित्र देणाऱ्या ओसीटी तपासणीत सूक्ष्म इजाही दिसते. सौम्य इजा काही आठवड्यांत बऱ्याच अंशी भरून येऊ शकते आणि पीतबिंदूचे छिद्र काही वेळा शस्त्रक्रियेने बंद करता येते. नष्ट झालेल्या प्रकाशसंवेदी पेशी मात्र पुन्हा तयार होत नाहीत आणि त्या परत आणणारा खात्रीचा उपचार आज उपलब्ध नाही.

मुले रागावले जाण्याच्या भीतीने खरे सांगत नाहीत, ही अडचण डॉक्टरांना वारंवार येते. नजर अचानक मंदावलेल्या मुलाला लेसरबद्दल शांतपणे आणि थेट विचारणे हे पालकांचे काम आहे.

एक मिलिवॅटमध्ये सामावलेले विज्ञान

या साऱ्या सावधगिरीचा हेतू छंद मोडून काढणे हा नाही. थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर चालवून दाखवला. त्यानंतर चार वर्षांतच, १९६४ मध्ये, मुंबईत तुर्भे येथील अणुऊर्जा संशोधकांनी गॅलियम आर्सेनाइडचा अर्धवाहक लेसर तयार केला. इंदूर येथील प्रगत तंत्रज्ञान केंद्राने डॉ. दिलीप भवाळकर यांच्या संस्थापक नेतृत्वाखाली देशातील लेसर संशोधनाला मोठा आधार दिला. आज दहा हजारांवर शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहेत आणि तेथे घडणाऱ्या मुलांतूनच पुढचे संशोधक येणार आहेत.

त्यांच्यासाठी एक मिलिवॅटपेक्षा कमी शक्तीचा, विश्वसनीय उत्पादकाचा वर्ग २ मधील लाल लेसर पुरेसा आहे. त्याच्या झोतासमोर डोक्याचा एक केस ताणून धरावा आणि दोन मीटरवरील भिंतीवर उमटणारे प्रकाशाचे पट्टे पाहावेत. केसाची जाडी ०.०७ मिलिमीटर असेल, तर मधल्या तेजस्वी पट्ट्याच्या केंद्रापासून पहिला काळा पट्टा सुमारे १९ मिलिमीटरवर येतो. पट्टीने हे अंतर मोजून उलट गणित केले की घरच्या प्रत्येकाच्या केसाची जाडी काढता येते. केस जितका बारीक तितके पट्टे दूर जातात. जुन्या सीडीवरून परावर्तित होणाऱ्या ठिपक्यांच्या कोनावरून तिच्यावरील खोबणींमधले अंतरही मोजता येते. ते १.६ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या सहाशेव्या भागाच्या आसपास भरते. सीडी आरशासारखी असल्याने तिच्यावरून निघणारे सर्व झोत आधी कागदाने शोधून, प्रत्येकापुढे अडसर ठेवून मगच मोजणीला बसावे.

या प्रयोगांना अधिक शक्ती लागत नाही, लागते ती मोजण्याची चिकाटी. ज्याला पुढे प्रबळ लेसरकडे वळायचे आहे, त्याने बंद पेटी, योग्य तरंगलांबीचा चष्मा आणि झोत अडवणारी वीट या तीन गोष्टींची सोय यंत्र मागवण्याच्या आधी करावी आणि त्यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा.